मीटरवरचे तास आणि ट्रॅक्टरचं उरलेलं आयुष्य

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

परभणी जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने लिहिलं आहे. वय ३८, घरची ९ एकर काळी जमीन. खरिपात सोयाबीन-तूर, रब्बीत ज्वारी-हरभरा. मशागत आजवर भाड्याच्या ट्रॅक्टरने होते, त्यात वर्षाला ६५ हजारांच्या आसपास जातात. जूनमध्ये पाऊस पडला की गावातले ट्रॅक्टर मोठ्या खातेदारांकडे अडकतात आणि ह्यांचा नंबर लागेपर्यंत वाफसा, म्हणजे रानात पेरणीजोगी ओल, निघून गेलेला असतो. म्हणून जुना ४५ एचपीचा ट्रॅक्टर घ्यायचं मनात आहे. समोर दोन आहेत. पहिला शहरातल्या एका एजंटाकडचा: २०१९ चा, मीटरवर २,१४० तास, किंमत ४ लाख ३५ हजार. रंग नवा, टायर नवे, "पुढे वजनाच्या पाट्याही लावलेल्याच मिळतायत, मागचा हूक तर अगदी चकचकीत आहे," असं ते लिहितात. दुसरा मावसभावाचा: २०१६ चा, मीटरवर ६,३०० तास, किंमत ३ लाख १० हजार. त्याच्या क्लचचं आणि मागच्या टायरांचं मिळून ६० हजारांचं काम निघालंय. वडील म्हणतात, कमी तास चाललेला घे. पुतण्या कॅनडात असतो, त्याने तिथे जुनी स्नोमोबाईल घेतली. तो फोनवर म्हणतो, "काका, इथं दहा हजार मैल झालेल्या गाडीला कुणी हात लावत नाही, तुम्ही सहा हजार तासांचा ट्रॅक्टर कसा काय घेता?" बायकोचं म्हणणं, दोन्ही नकोत, भाड्यानेच करू. दोन लाख हातात आहेत, बाकीचे पतसंस्थेतून काढावे लागतील. त्यांचा प्रश्न असा: ६,३०० तास चाललेला ट्रॅक्टर अजून किती वर्षं जाईल?

उत्तर:

भाऊ, पत्र दोनदा वाचलं. प्रश्न वर्षांचा विचारलाय, पण वडील, पुतण्या आणि तुम्ही, तिघंही बोलताय ते मीटरवरच्या आकड्यावरून. म्हणून आधी त्या आकड्याचंच बघू.

पुतण्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचं बोलणं तुमच्या मनाला लागलेलं दिसतंय. स्नोमोबाईल म्हणजे बर्फावर चालणारी गाडी. पुढे चाकांच्या जागी दोन घसरपट्ट्या, मागे रबराचा रुंद पट्टा, आणि बऱ्याच गाड्यांत टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन. ते मिनिटाला आठ हजार फेऱ्यांपर्यंत पळतं. आता हिशेब करा. सरासरी ताशी २५ मैल धरली तर दहा हजार मैल म्हणजे फक्त ४०० तास झाले. आपल्याकडचा ट्रॅक्टर ४०० तासांत जेमतेम एक-दोन ऑइलबदल्यांपर्यंत पोचलेला असतो. त्याचं डिझेल इंजिन जड लोखंडाचं, दोन हजार फेऱ्यांच्या आसपास चालणारं, आणि आतले लायनर-पिस्टन झिजले तर काढून नवे बसवता येतील असं बांधलेलं. ही दोन यंत्रं एका तराजूत घालताच येत नाहीत. तिकडेसुद्धा फोर-स्ट्रोक इंजिनाच्या गाडीकडे लोक जास्त मैलांनंतरही विश्वासाने बघतात.

पुतण्याला उलट एक विचारा. तिकडचा जाणता माणूस जुनी गाडी घेताना मैल बघून झाले की पुढे काय बघतो? तो ड्राइव्हचा पट्टा बघतो, मागचा रबरी पट्टा कुठे फाटलाय का बघतो, चेनच्या पेटीतलं तेल बघतो. आणि विचारतो, उन्हाळाभर गाडी कुठे ठेवली होती, टाकीत जुनं पेट्रोल तसंच राहिलं होतं का, उंदरांनी आत घर केलं होतं का. हे सगळे प्रश्न तुम्हालाही विचारायचे आहेत, फक्त बर्फाच्या जागी फुफाटा धरायचा.

आता मीटर नेमकं काय मोजतं ते सांगतो, कारण आपल्याकडे निम्म्या सौद्यांत हेच कुणाला ठाऊक नसतं. जुन्या पद्धतीच्या मीटरला इंजिनाकडून एक केबल येते. ती जितकी फिरेल तितके आतले आकडे सरकतात. म्हणजे त्या मीटरचा तास आणि घड्याळाचा तास, इंजिन ठरलेल्या फेऱ्यांवर चालत असेल तरच जुळतात. निम्म्या फेऱ्यांवर घरघरत उभं असेल तर घड्याळात एक तास होतो आणि मीटरवर अर्धाच पडतो. नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरात इंजिन जेवढा वेळ चालू तेवढा वेळ मोजला जातो. म्हणून दोन ट्रॅक्टरांचे तास शेजारी ठेवण्याआधी दोन्हींची मीटरं कोणत्या जातीची आहेत ते बघावं लागतं. आणि केबल तुटली तर मीटर जिथल्या तिथे थांबतं. ट्रॅक्टर मात्र चालतच राहतो, काम काही अडत नाही, म्हणून ती केबल वर्षानुवर्षं कुणी बदलत नाही.

२००४ साली आमच्याच घरी हे झालं. चुलत्यांनी बाहेरगावाहून एक ट्रॅक्टर आणला, मीटरवर १,८०० तास. नारळ फुटला, पेढे वाटले. दोन महिन्यांनी दिव्याची वायर शोधायला म्हणून मी डॅशबोर्डखालचा पत्रा काढला, तर केबलचं टोक मोकळं लोंबत होतं आणि त्यावर कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं होतं. तेही वाळून, फुटून, रिकामं झालेलं. पोळ्याच्या आधी ते इंजिन खोलून पुन्हा बांधावं लागलं. चुलते विकणाऱ्याला बोल लावत राहिले. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, त्या माणसाने कदाचित फसवलंही नसेल. केबल जोडलेली आहे का, एवढं आम्ही विचारलं नाही. पत्रा काढायला दोन स्क्रू लागतात. तेव्हापासून मी जुना ट्रॅक्टर बघायला जाताना खिशात स्क्रूड्रायव्हर ठेवतो, तुम्हीही ठेवा.

वडिलांचं म्हणणं चुकीचं नाही. आकडा खरा असेल आणि दोन्ही ट्रॅक्टरांनी सारखंच काम केलं असेल, तर कमी तासांचा घेणं केव्हाही बरं. पण ह्या दोन्ही गोष्टी तुम्ही धरून चालला आहात.

एजंटाकडच्या ट्रॅक्टरबद्दल तुमच्याच पत्रात एक ओळ आहे, ती तुम्ही फायदा म्हणून लिहिलीत. पुढे वजनाच्या पाट्या कोण लावतं? मागे भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढताना पुढची चाकं उचलू नयेत म्हणून लावतात. जड पलटी नांगर उचलतानाही लागतात, त्यामुळे नुसत्या पाट्यांवरून मी काही म्हटलं नसतं. पण सोबत हूक चकचकीत आहे म्हणता. रोज घासल्याशिवाय लोखंड चकाकत नाही. दोन्ही मिळून बघितलं तर हा ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर असण्याची शक्यता मला बरीच दिसते. गाळपाचा हंगाम चार-साडेचार महिन्यांचा जरी धरला, १२० दिवस आणि दिवसाला ८ तास, तरी एका हंगामात ९६० तास होतात. तीनच हंगाम केले असतील तरी २,८८० झाले. २०१९ पासून किती हंगाम गेले ते तुम्ही मोजा आणि २,१४० च्या शेजारी मांडा.

ऊस ओढणाऱ्यांबद्दल माझ्या मनात काही नाही. बीड, केज, माजलगाव, धारूरकडची कितीतरी घरं त्या ट्रॅक्टरवर उभी आहेत. कारखान्याच्या यार्डात रात्ररात्र रांगेत बसणारा माणूस कष्ट करूनच पैसे मिळवतो. पण यंत्राच्या अंगाने ते काम वेगळं आहे. वीस टनांच्या पुढचा भार घेऊन फडातून रस्त्यावर निघताना क्लच घासतो, उतारावर ब्रेक, आणि गिअरपेटी नि मागचा एक्सल सतत ताणात. इंजिन ठणठणीत वाजतं आणि त्याच्या मागचं सगळं थकलेलं असतं. एजंट तुम्हाला इंजिनाचाच आवाज ऐकवणार.

हे तपासायला मीटरची गरजही नाही. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर नवे आहेत म्हणजे पहिले संपले. मऊ रानात मशागत करणारा मागचा टायर सहसा दोन हजार तासांत संपत नाही. डांबरीवर ओढत राहिला की त्याच्या गोट्या झपाट्याने झिजतात. हूकचं भोक बघा, गोल आहे की लांबट झालंय. क्लच आणि ब्रेकच्या पायपट्ट्या बघा, वरची खाच पुसून गुळगुळीत झाली असेल तर त्यावर कुणाचा पाय किती वर्षं होता हे कळतं. आणि सगळ्यात सोपं म्हणजे आरसीवर, नोंदणीच्या कागदावर, आधीच्या मालकाचं नाव असतं, त्यांच्याशी बोला. एजंट टाळाटाळ करायला लागला तर तिथून उठून यायला हरकत नाही.

मावसभावाचा ट्रॅक्टर. ६,३०० हा आकडा ऐकायला जड वाटतो, पण तुम्हाला तो कुठे खर्च झालाय हे माहीत आहे. ते विचारूनच घ्या, आणि वाटून घ्या: नांगर-रोटाव्हेटरचे किती, पेरणीचे-पाळीचे किती, मळणीयंत्रावरचे किती? सोयाबीनच्या मळणीत ट्रॅक्टर जागेवर उभा असतो, मळणीयंत्र फिरवणारा मागचा दांडा, पीटीओ, फिरत असतो, मीटर पळत असतं. त्या तासांत टायर, ब्रेक, गिअर काहीच झिजत नाही. मात्र भुसा उडून रेडिएटरच्या जाळीत बसतो, आणि धूळ एअर क्लीनरमध्ये जाते. म्हणून अशा ट्रॅक्टरचं पहिलं तपासायचं ते एअर क्लीनर. खालची वाटी सोडवा, तेल बोटावर घ्या. तेल पातळ आणि तपकिरी असेल तर ठीक. तळाशी चिखलासारखा गाळ बसून वर तेलाचा नुसता थर असेल, तर तो गाळ वेळेवर साफ न झाल्याने थोडा इंजिनातही गेलेला असणार. आपल्या काळ्या रानाची एप्रिलातली धूळ पिठासारखी बारीक असते, लायनरला ती पॉलिश पेपरासारखी घासते. मी बघितलेली निम्मी तरी इंजिनं वयाने गेली नाहीत, ह्या वाटीने गेली.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही: मावसभाऊ नोंद ठेवतो का? ४५ एचपीच्या बहुतेक ट्रॅक्टरांना २५० तासांना इंजिन ऑइल बदलायचं असतं. ६,३०० तासांत अशा पंचवीस बदल्या व्हायला हव्यात. वही नसेल तर ऑइलच्या दुकानाच्या पावत्या, तेही नसेल तर ज्या मेकॅनिककडे तो जातो त्या मेकॅनिकला विचारा. पंपावर डिझेलची उधारी असेल तर तेही खातं कामाचं. मशागतीत असा ट्रॅक्टर ताशी साधारण चार ते सहा लिटर पितो, त्यावरून एका वर्षाचे खरे तास काढता येतात आणि मीटर खरं बोलतंय का ते कळतं. आणि इंजिन एकदा बांधून झालंय का, झालं असेल तर किती तासांवर? बांधलेलं असेल तर घाबरू नका. नीट बांधलेल्या इंजिनाचे तास तिथून पुन्हा मोजायचे असतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. कृषी अभियांत्रिकीच्या पुस्तकांत ट्रॅक्टरचं आयुष्य हिशेबापुरतं १० वर्षं आणि वर्षाला १,००० तास, म्हणजे १०,००० तास धरतात. त्याच्या पुढे गेलेले ट्रॅक्टर तुम्ही-मी रोज बघतो आणि पाच हजारांत भंगारात गेलेलेही बघतो. पण हा आकडा धरला तर मावसभावाच्या ट्रॅक्टरमध्ये ३,७०० तास उरले. तुम्ही वर्षाला किती चालवणार? नऊ एकरांची नांगरणी, रोटाव्हेटर, पेरणी, पाळ्या धरून एकरी सात तास, म्हणजे साधारण ६५. माल मोंढ्यात नेणं, शेणखत वाहणं धरा १५. झाले ८० तास. ३,७०० ला ८० ने भागलं तर ४६ वर्षं येतात. म्हणजे तुमच्या एकट्याच्या कामाने तास संपणारच नाहीत. त्याच्या कितीतरी आधी रबराचे सील वाळतील, वायरिंग उंदीर खातील, टाकीला गंज चढेल. दोन्ही ट्रॅक्टरांची तुलना तुम्ही ज्या आकड्यावर करताय, तो तुमच्या शेतावर आल्यावर फारसा कामालाच येत नाही.

म्हणून बायकोच्या म्हणण्याकडे वळतो. तिचं मत तुम्ही एका ओळीत संपवलंत, मला ते सगळ्यात जास्त हिशेबाचं वाटलं. मांडून बघू. ट्रॅक्टर ३ लाख १० हजार, वरचं काम ६० हजार, म्हणजे ३ लाख ७० हजार. सहा वर्षांनी १ लाख ९० हजाराला गेला असं धरा. घट १ लाख ८० हजार, वर्षाची ३० हजार. गुंतलेली रक्कम सरासरीने २ लाख ८० हजार, त्यावर दहा टक्क्याने व्याज २८ हजार. हातातले दोन लाखही ह्यात धरायचे, ते बँकेत असते तर त्यांनीही काही दिलंच असतं. विमा आणि किरकोळ ६ हजार. झाले ६४ हजार, एकही तास न चालवता. वर ८० तासांचं डिझेल, ऑइल, दुरुस्ती तासाला ५५० धरून ४४ हजार. एकूण १ लाख ८ हजार. आणि तुम्ही आज भाड्याला देता ६५ हजार, वाहतुकीचे आणखी ८ धरा, ७३ हजार. वर्षाला ३५ हजारांचा फरक आहे आणि तो तिच्या बाजूने आहे. पतसंस्थेचा दर दहाहून जास्त असेल तर आणखी वाढेल.

पण तिच्या हिशेबात एक रकाना रिकामा आहे, वाफशाचा. ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्यावर सोयाबीन पेरा आणि १५ जुलैच्या पुढे नेऊ नका, असं परभणीचं कृषी विद्यापीठ सांगतं. ह्या दोन टोकांच्या मध्ये काळ्या रानात चालता येतील असे दिवस फार थोडे मिळतात. त्यातले चार वाट बघण्यात गेले आणि पुन्हा झड लागली तर पेरणी पंधरवडा पुढे जाते. दोघं मिळून मागच्या पाच वर्षांचं आठवा. किती वर्षी खरंच ट्रॅक्टर मिळाला नाही म्हणून उशीर झाला? त्या वर्षी एकरी किती उतारा कमी आला? दोन वर्षी झालं असेल आणि नऊ एकरांत एकरी क्विंटल-दीड क्विंटल गेला असेल, तर वर्षाच्या सरासरीने त्या फरकाचा बराचसा भाग भरून निघतो. एकाच वर्षी झालं असेल, तर भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याला मे महिन्यात थोडा आगाऊ देऊन मृगाचा नंबर पक्का करणं कितीतरी स्वस्त पडेल. हा हिशेब मी इथून करू शकत नाही. ती करेल.

फरक भरून काढायचा दुसरा मार्ग म्हणजे बाहेरची कामं. तासाला हजाराच्या आसपास भाडं, त्यातून डिझेल, झीज आणि थोडी बुडणारी उधारी वजा जाता ४०० हातात पडतात असं धरलं तर ३५ हजारांना ८८ तास लागतात. म्हणजे शेजारच्या बारा-तेरा एकरांची वर्षभराची कामं. होण्यासारखं आहे. मग तुमचे वर्षाचे तास १७० होतील, आणि सहा वर्षांनी मीटर ७,३०० च्या पुढेमागे असेल. तेव्हाही ट्रॅक्टर विकण्याजोगा असेल. पण हे शेजारी आत्ता विचारून ठेवा, ट्रॅक्टर दारात आल्यावर नको. आणि मृगात स्वतःची पेरणी सोडून कुणाच्या रानात जायचं नाही, हे त्यांना त्याच वेळी सांगा. नाहीतर ज्या कारणासाठी ट्रॅक्टर घेतला तेच राहून जातं. असं झालेलं मी फार घरांत बघितलंय.

किंमतीबद्दलही बोलायला जागा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सहा लाखांच्या मूळ किमतीवर हा ४२ हजारांचा फरक झाला. नवा स्वस्त झाला की जुन्यानेही उतरायला हवं, पण कित्येक जण अजून जुन्या हिशेबाने भाव सांगतात. ४ लाख ३५ हजार उभे करायचेच असतील तर त्यातून नव्याचं डाउन पेमेंट भरून महाडीबीटी ह्या सरकारी पोर्टलवरच्या अनुदानाचा विचार करता येतो, हेही लक्षात असू द्या. अनुदान नव्यालाच असतं आणि पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी करायची नसते.

मला विचाराल तर एजंटाकडचा नको. मावसभावाचा घ्यायचा की भाड्यानेच करायचं, हे वाफशाच्या हिशेबावर ठरवा. घ्यायचा ठरला तर एका सकाळी लवकर जा, त्याला आधी न सांगता म्हणत नाही, पण "सकाळी चालू करून ठेवू नको" एवढं सांगून जा. गेल्यावर इंजिनाच्या ब्लॉकवर हात ठेवा, गार असलं पाहिजे. थंड इंजिन किती सेल्फमध्ये उठतं ते मोजा. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर गरम झाल्यावर जायला हवा. निळसर धूर राहिला तर ऑइल जळतंय. चालू इंजिनात ब्रीदरच्या, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या, नळीपाशी तळहात धरा, वाफ नुसती लागली तर ठीक, लोहाराच्या भात्यासारखी धक्के देत येत असेल तर कंप्रेशन खाली उतरतंय. मग रोटाव्हेटर लावून लिफ्ट पूर्ण उचला आणि इंजिन बंद करा. चहा घेऊन या. रोटाव्हेटर तिथेच असेल तर लिफ्ट चांगली, जमिनीला टेकला असेल तर तिथे खर्च आहे. भरलेली ट्रॉली लावून चढावर न्या, गिअर उडतो का बघा. सोबत असा मेकॅनिक न्या ज्याचं त्या सौद्यात काही नाही, आणि त्याला त्याच्या दिवसाचे पैसे द्या. ४५ एचपीच्या ट्रॅक्टरमध्ये सहसा साधा डिझेल पंपच असतो, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणचा कुणीही जुना मेकॅनिक चालेल.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांनी एक आणखी बघावं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पूर आला, त्यात कितीतरी ट्रॅक्टर पाण्याखाली होते. धुऊन-रंगवून ते बाजारात आले तर मीटर कमीच दाखवेल. सीटखालच्या कोपऱ्यात, सेल्फच्या मागे, दिव्यांच्या काचेच्या आत सुकलेल्या गाळाची रेघ राहते. गिअरपेटीच्या तेलाचा रंग ताकासारखा असेल तर त्यात पाणी गेलंय.

मावसभाऊ आहे म्हणून घासाघीस नको वाटेल. तुम्ही दोघांनी भाव ठरवूच नका, मेकॅनिकला दोघांसमोर सांगू द्या, आणि त्यातून क्लच-टायरांचे ६० वजा करायचे की नाही तेही त्याच बैठकीत मिटवा. पैसे एकदम द्या. नात्यातल्या सौद्यात "उरलेले दिवाळीला" हे फार वाईट. दिवाळीच्या आधी काही बिघडलं की ते पैसे अडतात आणि मग दोन्ही घरची माणसं लग्नात एकमेकांकडे बघत नाहीत. बिघडलं तर कोणाचं, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. उदाहरणार्थ, पहिल्या १०० तासांत इंजिनाचं मोठं काम निघालं तर निम्मं निम्मं.

ट्रॅक्टर दारात आला की पहिल्याच दिवशी इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर बदला आणि मीटरचा आकडा वहीत लिहा. वर्षाला ८० तास चालणारा ट्रॅक्टर महिनोन्महिने उभा असतो, पुतण्याच्या स्नोमोबाईलसारखाच. उभा ठेवताना टाकी भरून ठेवा म्हणजे आत पाणी धरत नाही, बॅटरीची एक वायर काढा, सावलीत लावा म्हणजे टायर तडकत नाहीत.

कागदांचं शेवटी सांगतो, पण पैसे देण्याआधी करा. त्याच्यावर कर्ज होतं का ते परिवहनच्या साईटवर गाडीचा नंबर टाकून कळतं. असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. २०१६ चा आहे, म्हणजे नोंदणी २०३१ पर्यंत आहे, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. विमा तुमच्या नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत द्या. ट्रॉली सोबत घेत असाल तर तिची आरसी वेगळी असते, तीही त्याच दिवशी मागून घ्या.